'मशालची'तला 'ची' कोणाचा?

परवा लग्नघरी आमच्या पुतण्याने सांगून टाकलं, "काका, 'मशालची'तला 'ची' आपलाच षष्ठीचा प्रत्यय. तुर्कांनी तो इथून नेला." पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोष त्याचा नाही, माझा आहे. नोकरीच्या सुरुवातीला मीच हा 'ची' षष्ठीचा म्हणून शिकवत असे. एकदा मागच्या बाकावरचं पोर म्हणालं, "गुरुजी, मग 'मशालीची' का नाही?" मी त्याला दटावून खाली बसवलं.

पोर बरोबर होतं. षष्ठी लागताना नामाचं सामान्यरूप होतं. मशालीची, तोफेची, खजिन्याची. मशालची, तोफची, खजानची यांत ते नाही. शिवाय आपला प्रत्यय चा-ची-चे असा बदलतो. हा 'ची' बाप्यालाही 'ची'च राहतो, कारण तुर्की भाषांत व्याकरणाचं लिंगच नाही. ते काम करणारा तो 'ची', एवढाच अर्थ. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने आला.

हे ठरवतात कसं? नुसतं कानाला सारखं लागून भागत नाही. कोळ्याला तुर्कस्तानात 'बालिकची' म्हणतात, कझाक 'बालिकशी' म्हणतात. तीनला तिकडे 'उच', इकडे 'उश'. केसांना 'साच' आणि 'शाश'. म्हणजे च आणि श यांची जोडी शब्दामागून शब्द जुळते. अशा जोड्यांवरून या भाषांच्या आजीचं रूप मांडतात आणि ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही म्हणून त्यापुढे प्रामाणिकपणे तारका घालतात. या 'ची'ला तर लेखी साक्षही आहे. मंगोलियातल्या ओरखोनच्या इ.स. ७३२ च्या शिलालेखात नक्षी करणाऱ्याला 'बेदिझ्ची' म्हटलं आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात एके काळी मलिक-ए-मैदान तोफ होती. १५४९ साली ती ओतली महंमद बिन हसन रूमी या तुर्काने. 'तोफ' हा शब्दही तुर्कीच. त्याने मराठी बाटली नाही, आपण तो मराठीच्या सामान्यरूपात बसवला!

भाषेचा अभिमान मलाही आहे. पण अभिमानासाठी खोटी व्युत्पत्ती लागत असेल, तर तो अभिमान कसला? पुतणेबुवा, पुराव्यापुढे तारका घालायला शिका.

आणि मागच्या बाकावरच्या पोरा, कुठे असशील तिथे ऐक. तुझा प्रश्न बरोबर होता. गुरुजी चुकले होते.