तारीख पक्की झाल्यावरच कळवा



घर बदलण्याआधी महिनाभर वीज कंपनीला कळवावं, हा गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचा सल्ला मला पटला नाही. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत ताब्याची तारीख कच्चीच असते; साखळीतला एक खरेदीदार अडला की सगळेच अडतात. आमचा ताबा लांबला, पण कंपनीने जुनं खातं बंद केलं आणि नव्या घराचं बिल आमच्या नावे लावलं. तिथे तेव्हा दुसरंच कुटुंब राहत होतं! सॉलिसिटरचं तारखेचं पत्र जपा. किल्ल्या देताघेताना जिन्याखालच्या मीटरचा आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो काढा. तक्रार लेखीच करा. आठ आठवड्यांत तड लागली नाही, तर एनर्जी ओम्बड्समनकडे विनाशुल्क दाद मागता येते.

– एक वाचक, ईलिंग, लंडन