साखळीची कविता व आमचे विद्यार्थी

कवितेचे नाव काढिले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक पाठांतराच्या स्पर्धेचे, व दुसरे एकांतात बसून स्वतःच्या सुखदुःखाचे पद्य जुळविणाऱ्या कवीचे. चार जणांनी एकत्र बसावे, एकाने एक कडवे म्हणावे, दुसऱ्याने त्यास आपले जोडावे, तिसऱ्याने दुसऱ्याचे सूत्र धरावे, आणि अखेरीस सिद्ध झालेली रचना सर्वांची म्हणावी, हे तिसरे चित्र त्यांच्या स्वप्नीही नसते. ते आपल्या शाळांतून आणावे असे आमचे मत आहे, आणि ते का आणावे हे वाचकांपुढे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न.

जपान देशात या प्रकाराची परंपरा शेकडो वर्षांची आहे. तिला ‘रेंगा’ म्हणतात. पाच, सात, पाच अशा उच्चारांचे पहिले कडवे एकाने रचावे; त्यास सात व सात उच्चारांचे दुसरे कडवे दुसऱ्याने जोडावे; पुन्हा पहिल्या मापाचे, पुन्हा दुसऱ्या मापाचे, अशी ती साखळी वाढत जाते. आरंभाचे कडवे बहुधा पाहुण्याने म्हणावयाचे व त्यास उत्तरादाखल दुसरे यजमानाने म्हणावयाचे, असा शिष्टाचार असे. सोगी नामक कवीने शोहाकू व सोचो या आपल्या दोन शिष्यांसह १४८८ साली रचिलेली, मिनासे या स्थळाच्या नावाने प्रसिद्ध असलेली शंभर कडव्यांची साखळी या कलेचा आदर्श मानली जाते. पुढे बाशो (१६४४–१६९४) याने व त्याच्या शिष्यवर्गाने छत्तीस कडव्यांचा आटोपशीर प्रकार लोकप्रिय केला.

या कलेचे मर्म तिच्या एका नियमात आहे. प्रत्येक कडव्याने आपल्या लगतच्या मागील कडव्याशी नाते जोडावयाचे, पण त्याच्याही मागील कडव्याकडे परतावयाचे नाही. वसंतातून निघालेली साखळी प्रवासाकडे वळते, प्रवासातून विरहाकडे, विरहातून शरदाच्या चांदण्याकडे. चंद्राची व फुलांची स्थाने ठरलेली असतात; बाकी वाट चालताचालता सापडते. यामुळे कोणाही कवीस आपलाच विषय पुढे रेटता येत नाही. आपण जे म्हटले त्याचा अर्थ पुढचा मनुष्य आपल्या मते लावतो व त्यास भलतीकडे घेऊन जातो. आपण मुकाट्याने पाहावयाचे आणि आपली पाळी येईल तेव्हा त्या नव्या जागेपासून पुढे चालावयाचे.

मराठी वाचकांस ‘हायकू’ ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरीष पै यांनी ती तीन ओळींची कविता आपल्या भाषेत रुजविली. परंतु हायकू हे मूळचे रेंगाचे पहिले कडवे होय. मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने त्यास साखळीतून सोडवून स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. इतकेच नव्हे, तर पहिले कडवे हे साहित्य होय, साखळी हे साहित्य नव्हे, असा पक्षही मांडिला. अनेकांच्या हातून झालेल्या कृतीत एका मनाची एकसूत्रता असावयाची नाही, हा त्याचा आक्षेप. आक्षेप वजनदार आहे. त्याचा विचार आम्ही पुढे करू. तूर्त एवढेच लक्षात घ्यावे की मराठीत दारचा पाहुणा आला, पण ज्या बैठकीतून तो उठून आला ती बैठक मागेच राहिली.

कोणी म्हणेल, आमच्याकडे भेंड्या आहेत, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आहेत. मग जपानास कशाला जावे? भेंड्यांनी पाठांतर वाढते व सवाल-जवाबांनी बुद्धी तल्लख होते, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु भेंड्यांत साखळी अक्षराची असते आणि पद्य उसने असते. सवाल-जवाबांत प्रतिपक्षास निरुत्तर करणे हे ध्येय असते. दोहींत शेवटी कोणीतरी हरावे लागते. रेंगात पुढच्यास उत्तर सुचू नये असे कडवे म्हणणारा कवी चतुर ठरत नाही. तो साखळी तोडणारा ठरतो.

रेंगाच्या खऱ्या जवळची वस्तू आमच्याकडे जात्यावर होती. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हाती असे. एकीने ओवी म्हणावी, दुसरीने ती उचलावी व तीत आपली भर घालावी. माहेरावरून भाऊ, भावावरून पंढरीची वाट, वाटेवरून पाऊस, असे ते गाणे दळणाबरोबर पुढे सरके. ओवी कोणाची, हे कोणी विचारीत नसे. गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालविलेल्या संकलनात अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, यावरून त्या भांडाराचा विस्तार ध्यानी येईल. पिठाची गिरणी आली, बायकांच्या खांद्यांस विसावा मिळाला, आणि ते इष्टच झाले. आज आमच्या जिल्ह्यातील कित्येक घरी जाते लग्नाच्या हळदीपुरतेच हलते. श्रम गेले याचे दुःख नाही. परंतु समोरासमोर बसून एकमेकींचे ऐकण्याची जी सवय त्या श्रमांबरोबर गेली, तिला दुसरी जागा आपण दिली नाही.

लिखित काव्यातही एकाच्या हातचे सूत्र दुसऱ्याने पुढे नेल्याचे एक उदाहरण आम्हां ख्रिस्ती वाचकांस विशेष प्रिय आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाईंस शालेय शिक्षण असे लाभले नव्हते. त्यांनी ते सूत्र हाती घेतले आणि ग्रंथाचा फार मोठा भाग आपल्या वाणीने रचिला. त्या १९३६ साली गेल्या; ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. पतीची नक्कल करण्याच्या खटपटीत त्या पडल्या असत्या तर तो ग्रंथ निर्जीव झाला असता. मागच्याशी नाते राखून आपल्या आवाजात बोलणे, हेच तर साखळीचे तत्त्व.

आता आमच्या धाराशिव जिल्ह्याकडे वळू. तेरणेच्या काठी तेर हे गाव. तेथील गोरोबाकाका कुंभार यांच्या घरी संतमंडळी जमल्याची कथा येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. मुक्ताबाईंनी विचारल्यावरून काकांनी थापटणे घेतले व मडके तपासावे तसे एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. सर्वांनी निमूट सोसले. नामदेवांस मात्र राग आला, आणि ‘हे मडके कच्चे’ असा निर्णय झाला. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले व पक्के झाले, हा कथेचा उत्तरार्ध. आम्हांस या कथेत कविमंडळाचा उत्तम धडा दिसतो. जमलेले सारे कवीच होते, आणि कवी कच्चा की पक्का हे त्याच्या पदांवरून न ठरता दुसऱ्याची थाप सोसण्यावरून ठरले. साखळीच्या कवितेत ही थाप प्रत्येकास, प्रत्येक फेरीस बसते.

पद्धतीविषयी लिहितो. आम्ही आमच्या वर्गात हे करून पाहिले आहे. जपानी माप सोडून दिले व आपली ओवी घेतली. ज्ञानेश्वरांपासून १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर स्टीफन्सपर्यंत सर्वांस जिने आसरा दिला, ती आमच्या मुलांस परकी कशी होईल? पाच मुले गोलाकार बसतात. एक जण लेखनिक होतो. बारा ओव्यांत साखळी पुरी होते. फुलांच्या स्थानाऐवजी आम्ही पावसाचे स्थान ठेविले, कारण अवर्षणाच्या या मुलखात पावसाइतकी कशाचीच वाट पाहिली जात नाही. अशा एका बैठकीतील लागोपाठच्या तीन ओव्या पाहाव्यात :

तेरणेचे पाणी आटले ।
वाळूत काठ मिटले ।
एकट्या बगळ्याने गाठले ।
डबके शेवटचे ॥

वाटीवाटीने घागर भरे ।
आईच्या हाती वाळू झरे ।
पदराने पुशी ती निथळणारे ।
कपाळ आपुले ॥

पदराच्या गाठी नोट दहाची ।
जत्रेत तिने जपली कधीची ।
पिपाणी झाली ती धाकट्याची ।
परतताना ॥

पहिलीतील डबक्यावरून दुसरी ओवी वाळूतल्या झऱ्याशी आली. दुसरीतील पदरावरून तिसरी जत्रेत गेली. तिसरीस पहिलीचा दुष्काळ ठाऊकच नाही. एकट्या मुलाने दुष्काळावर कविता लिहिली असती तर तीत अखेरपर्यंत दुष्काळच राहिला असता. येथे आनंद आला तो दुसऱ्याच्या हातून आला.

शिकीच्या आक्षेपास आमचे उत्तर हेच. एका मनाची एकसूत्रता साखळीत नसते हे खरे. पण अनेक मनांनी एकमेकांस दिलेले उत्तर तीत असते, आणि तेही साहित्याचे एक प्रयोजन होय. १९६९ साली पॅरिस येथे ऑक्ताव्हिओ पाझ, जाक रूबो, एदोआर्दो सांग्विनेती व चार्ल्स टॉमलिन्सन हे चार कवी एकत्र बसले; प्रत्येकाने आपापल्या भाषेत, म्हणजे स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन व इंग्रजीत लिहून एक रेंगा सिद्ध केला. त्यांनीही जपानी माप बाजूस ठेवून आपल्याकडील सुनीत स्वीकारिले. चार भाषांच्या मनुष्यांस जे साधले ते एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांस का साधू नये?

येथेच आमच्या आग्रहाचे खरे कारण आहे. आमच्या वर्गांत तांड्यावरून येणारा मुलगा असतो, वाडीवरून येणारी मुलगी असते. त्यांच्या घरची बोली पुस्तकासारखी नसते, म्हणून ती तोंड उघडीत नाहीत. स्पर्धेत ती नाव देत नाहीत, आणि वर्गही त्यांच्यावाचून सुखाने पुढे जातो. साखळीत असे होऊ शकत नाही. त्यांची ओवी झाल्यावाचून पुढची ओवी होतच नाही. आणि वर्गातील सर्वांत हुशार मुलास आपली ओवी रचण्यापूर्वी त्या मुलाचा शब्द ऐकावा लागतो, समजून घ्यावा लागतो, न समजल्यास त्याला विचारावा लागतो. एकाच शरीराचे अवयव एकमेकांस ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाहीत, ही प्रेषिताची शिकवण आम्ही प्रार्थनेच्या वेळी ऐकतो. तिचा सराव मराठीच्या तासास होत असेल तर तो का सोडावा?

अशाने थोर काव्य निपजेल काय? क्वचितच. परीक्षेत गुण वाढतील काय? तेही आम्ही सांगत नाही. जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण संमेलने येतात व जातात. भाषा टिकते ती रोजच्या बोलण्या-ऐकण्यावर. सबब शिक्षकबंधूंस व भगिनींस आमची विनंती आहे की त्यांनी महिन्यातून एक तास राखून ठेवावा, पाच मुलांस गोलाकार बसवावे, आणि पहिली ओवी त्या मुलास म्हणू द्यावी ज्याचा आवाज वर्गाने अद्याप ऐकलेला नाही.