तुवालूची बालके आणि जगाचे दायित्व

प्रशांत महासागरातील तुवालू या सुमारे अकरा हजार वस्तीच्या राष्ट्रात, जेथील नऊ बेटांची भूमी समुद्रसपाटीहून सरासरी जेमतेम दोन मीटर उंच आहे आणि जेथे एकही नदी नसल्यामुळे छपरांवरून टाक्यांत उतरणाऱ्या पावसावरच घरोघरची तहान भागते, तेथे अपत्यांचे संगोपन हीच एक कठोर परीक्षा होऊन बसली आहे. २०११ च्या अवर्षणात सरकारला आणीबाणी जाहीर करून पाणी मोजून वाटावे लागले. २०१५ च्या 'पॅम' चक्रीवादळाच्या लाटांनी निम्म्याच्या आसपास प्रजेस विस्थापित केले. आणि भूगर्भात शिरणाऱ्या क्षारामुळे 'पुलाका' हे पिढीजात कंदपीक नासून मुलांच्या ताटात आयात तांदूळ व डबाबंद अन्न आले.

हवामानबदलाच्या पार्श्वभूमीवर ऑस्ट्रेलियाशी २०२३ साली झालेल्या करारान्वये दरसाल २८० जणांना तेथे वास्तव्याची मुभा मिळते, ही तजवीज स्वागतार्ह खरीच. परंतु कर्ती माणसे निघून गेल्यावर मागे राहणाऱ्या वृद्धांचा, शाळांचा आणि भाषेचा वाली कोण, या प्रश्नाचे उत्तर तीत नाही. वातावरण तापविण्यात ज्यांचा वाटा नगण्य, त्यांनीच त्याची किंमत मोजावी, हा उघड अन्याय आहे. २०२२ साली शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत हानिभरपाईसाठी जो निधी मान्य झाला, त्यात धनाढ्य राष्ट्रांनी कर्ज नव्हे, अनुदान म्हणून रक्कम विनाविलंब भरावी. ते त्यांचे औदार्य नव्हे, देणे आहे.