सवाईचा समारोप आणि आपल्या मुली

डिसेंबर जवळ आला की पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात यंदा कोण गाणार, याचे अंदाज सुरू होतात. आपल्या ढाणकीत तेव्हा कापूस वेचणीची घाई. तरी गाणं शिकणाऱ्या मुलीच्या घरात त्या यादीची उत्सुकता असतेच.

भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. गंगूबाई हनगल याच गुरूंच्या शिष्या. पुढे अनेक वर्षं समारोपाचा मान डॉ. प्रभा अत्रे यांचा होता, तोही सत्तरी ओलांडल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये त्या गेल्या. म्हणून यादीत बायका किती, यापेक्षा त्या कुठल्या जागी आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला बहुधा नवोदित गातात, शेवटी ज्येष्ठ.

माझा अंदाज असा, की नव्या मुलींची नावं येतच राहतील. पण शेवटच्या जागेसाठी जन्मभराचा रियाज लागतो. आणि आपल्याकडे? पोरगी प्रवेशिका पास होते, लग्न ठरतं अन् पेटी माळ्यावर जाते. मैत्रिणींनो, सून घरी आणताना तिची पेटीही येऊ द्या. रोज तासभर तिला गाऊ द्या!