मैफल आपली, त्रास शेजाऱ्याला

दिवाळी उलटली की आपल्या भागात कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा आणि तिथला लावणी महोत्सव, महाशिवरात्रीला लातूरची सिद्धेश्वर यात्रा, नांदेडचा संगीत शंकर दरबार, शिवाय गावोगावचे ऑर्केस्ट्रे आणि नट-गायकांचे ‘लाइव्ह शो’. करमणूक हवीच. दिवसभर राबलेल्या माणसाला दोन तास गाणे ऐकून जो आराम मिळतो, तो डॉक्टरच्या गोळीने मिळत नाही.

पण कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात वेगळेच चित्र दिसते. कुणाच्या कानात शिट्टी वाजते आहे, कुणाचा दमा मागे बसलेल्याच्या विडीने उसळला आहे, एखाद्या आजीबाईंचा पाय तुडवला गेला आहे. कारण विचारले तर ते गाण्यात नसते, शेजारच्या प्रेक्षकात असते. म्हणून हा शिष्टाचाराचा विषय मी आरोग्याच्या सदरात घेतो आहे.

आधी कानाचे पाहू. आपल्या आतल्या कानात सुमारे १५,००० नाजूक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज कान साधारण आठ तास सोसतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी १०० डेसिबल सरासरी हीच वरची मर्यादा सांगितली. आपल्याकडे मात्र बाप आपल्या तीन वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन थेट स्पीकरच्या भिंतीपुढे उभा राहतो. पोर रडते, बापाला वाटते त्याला झोप आली. शिवाय खांद्यावरच्या पोरामुळे मागच्या चार जणांना रंगमंच दिसत नाही, ते पुढे रेटतात, ती गोष्ट वेगळीच.

दुसरी गोष्ट श्वासाची. भरल्या सभागृहात पाचशे माणसे एकच हवा आत-बाहेर करतात. ताप-खोकला असलेला माणूस पास फुकट जाऊ नये म्हणून येतो आणि आजूबाजूच्या दहा जणांना प्रसाद वाटून जातो. कोरोनाच्या साथीत हे आपण शिकलो होतो, इतक्या लवकर विसरावे हे नवल आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्यावी, मैफल नंतर. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८ पासून देशभर बंदी आहे आणि गुटखा तर राज्यात २०१२ पासून बंद आहे. तरी कार्यक्रम संपल्यावर खुर्च्यांखाली एकदा नजर टाका, म्हणजे कायद्याची आणि आपली दोघांचीही तब्येत कळेल.

तिसरी गोष्ट उभे राहण्याची. पुढच्या रांगेतला एक जण मोबाइलवर चित्रण करायला उठला की त्याच्या मागचा उठतो, मग त्याच्या मागचा. पाच मिनिटांत सगळे उभे! ज्यांचे गुडघे झिजले आहेत, ज्या बाईला सातवा महिना आहे, त्यांनी फक्त पाठी पाहायच्या. नाटकातही हेच. २०१९ साली नाशिकला सुमीत राघवन यांना मोबाइलमुळे प्रयोग थांबवावा लागला आणि त्याच वर्षी सुबोध भावे यांनी नाटकात काम करणे सोडण्याची उद्विग्न भाषा केली. कलावंत निदान बोलून दाखवतो, शेजारच्या प्रेक्षकाला तेही करता येत नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट, रेटारेटीची. चेंगराचेंगरीत माणसे पायाखाली तुडवून मरतात असा समज आहे. पुष्कळदा ती उभ्या उभ्या मरतात. चौरस मीटरला पाच-सहा माणसांहून अधिक दाटी झाली की छाती फुगायला जागाच उरत नाही आणि श्वास कोंडतो. मागून ढकलणाऱ्याला पुढे काय चालले आहे याचा पत्ताही नसतो. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी केरळात कोची विद्यापीठात गायिका निकिता गांधी यांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी गर्दी खुल्या सभागृहाच्या पायऱ्यांवर लोटली आणि चार जणांचा जीव गेला. आपल्या सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत जानेवारी २००५ मध्ये अडीचशेहून अधिक भाविक गेले. तिथे आलेला कोणीही कुणाला मारायला आला नव्हता. प्रत्येकाला फक्त थोडे पुढे जायचे होते.

कोणी म्हणेल, डॉक्टर, मग काय लावणीला हाताची घडी घालून बसायचे? मुळीच नाही. लावणीला शिट्टी हवी, कव्वालीला वाहवा हवी, गाण्याला दाद हवी. पण दाद आणि दंगा यांत फरक आहे. दाद कलावंताकडे जाते, दंगा शेजाऱ्याच्या अंगावर येतो. आणि आपल्याला बसून ऐकता येत नाही असेही नाही. सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन ऐकणारे लोक पाहा. सप्ताहात मांडी घालून तीन-तीन तास कीर्तन ऐकणारी आपली खेड्यातली माणसे पाहा. तीच माणसे ऑर्केस्ट्रात बिघडत असतील तर दोष माणसांच्या रक्तात नाही, व्यवस्थेत आहे.

माझे स्पष्ट मत असे की प्रेक्षक पुढच्या सोफ्याकडे पाहून वागतो. सातचा कार्यक्रम नऊला सुरू होतो, कारण पाहुणे यायचे असतात. मग तास दीड तास हार-शाल-श्रीफळ. पुढाऱ्याचे कार्यकर्ते रंगमंचासमोर उभे राहून फोटो काढतात, त्यांना कोणी ‘खाली बसा’ म्हणत नाही. मागे तीन तास उपाशी, तहानलेला, लघवी दाबून बसलेला माणूस हे सगळे पाहतो. मधुमेहाच्या रुग्णाने तर अशा वेळी काय करावे? शेवटी तो चिडतो, उठतो, ढकलतो. मग आयोजक माइकवरून त्याला शिस्त शिकवतात! शिस्त वरून खाली वाहते, पाण्यासारखी.

मोकळ्या जागेतले ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला तर वेळेवर संपेल, आणि दवाखान्यात सलाइन लावून पडलेल्या माणसालाही झोप मिळेल. तोही आपला शेजारीच, फक्त त्याने तिकीट काढलेले नाही.

तेव्हा आयोजकांना विनंती : जागा असेल तेवढेच पास वाटा, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह ठेवा, बाहेर जायची वाट मोकळी सोडा, सत्कार दहा मिनिटांत उरका.

प्रेक्षकांना विनंती : स्पीकरपासून लांब बसा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. लहान मुलांना पुढे नेऊ नका. खोकल्याची उबळ येणाऱ्याने कडेची खुर्ची धरावी, खिशात खडीसाखर ठेवावी. मोबाइल बंद करावा. कोणी चक्कर येऊन पडले तर भोवती कोंडाळे करू नका. त्याला आडवे झोपवा, पाय थोडे उंच करा, शुद्ध आल्याशिवाय तोंडात पाणी ओतू नका. गर्दीत सापडलात तर हात छातीपुढे दुमडून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. आणि मागे असाल तर ढकलू नका. पुढे कोण आहे हे तुम्हाला दिसत नसते. कदाचित तुमच्याच घरचे माणूस असेल.

तिकिटाच्या पैशात आपल्याला एक खुर्ची मिळते. शेजाऱ्याचे कान, फुप्फुसे आणि गुडघे त्यात येत नाहीत.