टोळ्यांची हद्द

फरीदाबादची हद्द दिल्लीच्या असोला-भाटी अभयारण्याला भिडते, तिथे अरवलीच्या खुरट्या झाडीत लाल तोंडाच्या माकडांच्या टोळ्या राहतात. दोन टोळ्या समोरासमोर आल्या की एखादा थोराड नर फांदी गदागदा हलवतो, समोरचा तोंड वासून रोखून बघतो. बहुतेकदा एवढ्यावरच भागते आणि लहान टोळी काढता पाय घेते. पण भांडण पेटलेच, तर माद्याही पुढे सरसावतात. नर वयात आले की दुसऱ्या टोळीत जातात. माद्या मात्र जन्मभर आई-बहिणींसोबत त्याच इलाक्यात राहतात. जागा गेली, तर खरे नुकसान त्यांचे.

२००७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि राजधानीत पकडलेली माकडे याच अभयारण्यात आणून सोडली जाऊ लागली. पिंजऱ्यातून उतरलेल्या माकडाची टोळी मागेच राहिलेली असते, हे आपण कधी मनावर घेतले नाही, याचे वाईट वाटते.

आयते अन्न मिळते तिथे टोळ्या एकवटतात आणि झगडे वाढतात. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर गाडी थांबवून केळी टाकणाऱ्या वाचकांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे: कृपा करून हे थांबवा.