बाग पाहावी, तशी राखावीही



माघ-फाल्गुन म्हणजे आपल्या वडोदऱ्यात बागा पाहण्याचे दिवस. विश्वामित्रीकाठची कमाटी बाग, म्हणजेच महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८७९ साली उभारलेली सयाजीबाग, या दिवसांत पाहण्यासारखी असते. रविवारच्या मिस्सेनंतर मुलाबाळांना घेऊन तेथे जरूर जावे. उपवासकाळात आनंद वर्ज्य नाही. देवाची सृष्टी पाहून त्याचे आभार मानणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

परंतु बागेत फुले पाहावीत आणि घरी येऊन आपल्या अंगणावर फरशी घालावी, ही विसंगती मला खटकते. चर्चच्या आवारातही, धूळ उडते म्हणून, सगळीकडे फरशी बसवावी अशी सूचना काही बांधवांनी केली आहे. माझे मत याविरुद्ध आहे. फरशीमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. शिवाय वैशाखात तीच फरशी तापते आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडते. धूळ नको असेल, तर पायवाटेपुरती फरशी घालावी आणि बाकी जागेत गवत व झाडे लावावीत.

दुसरी गोष्ट पालापाचोळ्याची. या दिवसांत कडुनिंबाची पाने झडतात आणि सकाळी झाडून ती पेटवून देण्याची वाईट सवय आपल्याला आहे. त्या धुराचा त्रास दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना होतो. तोच पाला खड्ड्यात टाकून त्यावर शेणकाला व माती पसरावी, ओल राखावी. काही महिन्यांत त्याचे खत होते.

अंगण नसेल, तर गच्चीत दोन जुने डबे पुरेत. तळाला भोके मात्र पाडावीत. भेंडी, गवार, काकडी यांचे बी आत्ताच पेरावे. जागा असल्यास कुंपणाशी शेवग्याची फांदी रोवावी. त्याच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीतून लोह व कॅल्शियम मिळते. वर लिंबू पिळले, तर लोह अंगी लागते. झाडांना पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर घालावे. मुळाशी पाला अंथरल्यास पाणी कमी लागते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी मोरीत ओतू नये. कुंडीखालच्या बशा आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

एदेन बागेची मशागत व राखण करण्याचे काम देवाने मानवाला दिले (उत्पत्ती २:१५). पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरियेला प्रभू प्रथम माळीच वाटला (योहान २०:१५). तेव्हा मातीत हात घालणे हे कमी प्रतीचे काम आहे, असे कोणी मानू नये.

येत्या ईस्टरला वेदीसाठी प्रत्येक कुटुंबाने घरच्या कुंडीतले एखादे तरी फूल आणावे. आणि आवारातील फरशीबद्दल मत देण्यापूर्वी भर दुपारी एकदा फरशीवर व एकदा झाडाखाली उभे राहून पाहावे. मग काय ते ठरवावे.

आपला,
धर्मगुरू